संगणकावरची खंडणी आणि पंचनामा

महसूल खाते असो वा पोलीस खाते, नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवली जाते. घटनास्थळ आवरायचे नाही. आधी पंचनामा, मग साफसफाई. घरचा संगणक खंडणीखोराच्या तावडीत सापडतो तेव्हा मात्र याच्या नेमके उलट घडते. बडोद्याहून किंवा बेंगळुरूहून एखादा परिचित घाईघाईने दूरध्वनी करतो : "सगळ्या फाइलींची नावे बदलली आहेत, पडद्यावर पैशांची मागणी आहे, फॉरमॅट करून टाकू का?" माझे उत्तर ठरलेले असते : आजच्या दिवशी काहीही पुसू नका. या उत्तरामागे तीन दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही, म्हणून हा लेख.

रॅन्समवेअर हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर १९८९ मध्ये, लंडनहून टपालाने सुमारे २० हजार फ्लॉपी वेगवेगळ्या देशांत रवाना झाल्या. त्या एका संगणक-नियतकालिकाच्या वर्गणीदारांना आणि एड्सविषयक जागतिक परिषदेला आलेल्या प्रतिनिधींना मिळाल्या. लेबल होते एड्सविषयी माहितीचे, आणि फ्लॉपीत एक प्रश्नावली खरोखरच होती. पण ती चालवताच संगणकात दुसरी एक आज्ञावली शिरून बसे आणि संगणक किती वेळा सुरू झाला ते मोजत राही. ९० च्या आसपास आकडा गेला की ती फाइलींची नावे सांकेतिक करी, फोल्डर लपवी आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी करी. कायमस्वरूपी 'परवाना' हवा असल्यास ३७८ डॉलर. हा उद्योग करणारा जोसेफ पॉप हा हार्वर्डमध्ये शिकलेला जीवशास्त्रज्ञ होता. त्याला अमेरिकेत अटक होऊन ब्रिटनच्या हवाली करण्यात आले, पण मानसिक अवस्थेमुळे तो खटल्यास पात्र नाही असे न्यायालयाने ठरवले.

मला यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञाने त्या आज्ञावलीची चिरफाड केली तेव्हा आढळले की बदलली होती ती केवळ नावे, फाइलींतील मजकुराला धक्काही लागलेला नव्हता. त्यावर दोन उतारे निघाले. 'एडसआउट' ती आज्ञावली काढून टाकी आणि 'क्लिअरएड' फाइली पूर्ववत करी. दोन कामे, दोन साधने. चोराला घराबाहेर काढणे वेगळे आणि त्याने कुलूपबंद केलेली तिजोरी उघडणे वेगळे, हा भेद त्या पहिल्या प्रकरणातच स्पष्ट झाला होता. मात्र उतारा हाती येण्याआधीच घाबरून अनेकांनी आपल्या डिस्क स्वतःच पुसून टाकल्या होत्या. त्यांचे नुकसान खंडणीखोराने केले की घाईने?

पॉपची पद्धत कच्ची होती, कारण कुलूप लावायची किल्ली त्याच आज्ञावलीत दडलेली होती. १९९६ मध्ये अॅडम यंग आणि मोती युंग या संशोधकांनी दाखवून दिले की दोन किल्ल्यांचे सांकेतिकशास्त्र वापरले तर ही उणीव राहणार नाही. आपल्या रस्त्यावरची लाल टपालपेटी आठवा. पत्र कोणीही आत टाकू शकतो, काढू शकतो तो फक्त किल्ली असलेला. त्यांनी दिलेला हा इशारा गुन्हेगारांनी पुढे धडा म्हणून गिरवला. 'जीपीकोड' नावाच्या आज्ञावलीची ६६० बिटांची किल्ली २००६ मध्ये कॅस्परस्की कंपनीच्या तज्ज्ञांनी शोधून काढली, परंतु २००८ मध्ये किल्ली १०२४ बिटांची झाली आणि तो मार्ग बंद झाला. तरीही एक फट उरली. ही आज्ञावली फाइलीची कुलूपबंद प्रत करून मूळ फाइल पुसत असे, आणि पुसलेली फाइल डिस्कवर नवीन काही लिहिले जाईपर्यंत बरीचशी तशीच असते. ज्यांनी डिस्कला हात लावला नव्हता, त्यांच्या काही फाइली सापडल्या.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने १५० देशांत थैमान घातले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. ज्या छिद्रातून ते शिरले, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. इथेही, विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणालीवर, संगणक बंद केला नसेल तर किल्लीचे घटक स्मृतीत मिळण्याची शक्यता असे. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आले आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण पैसे भरूनही किल्ली मिळणे शक्य नव्हते. दाखवलेला क्रमांक निरर्थक होता. खंडणीचे निव्वळ सोंग!

सोंगाचा दुसरा नमुना २०१२ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत फोफावला. पडदा अडवून पोलिसांच्या बोधचिन्हासह 'दंड' भरण्याचा हुकूम. तिथे फाइली बहुधा शाबूत असत आणि संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती पीडा काढता येई. कोणतेही शासकीय खाते संगणक अडवून दंड वसूल करत नाही, हे मी शासकीय नोकर म्हणून छातीठोकपणे सांगू शकतो.

म्हणून ओळख पटवणे आधी. फक्त पडदा अडला आहे, की मजकूरच सांकेतिक झाला आहे? घरगुती संगणकांवर आढळलेला 'स्टॉप' ऊर्फ 'डीजेव्हीयू' हा प्रकार घ्या. फुकटात मिळवलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर तो येतो. प्रत्येक फाइलीच्या नावापुढे चार-पाच अक्षरांचे नवे शेपूट लागते आणि फोल्डरांत खंडणीची चिठ्ठी पडते. सर्वप्रथम इंटरनेटची तार किंवा वायफाय तोडावे, जोडलेली बाहेरची डिस्क काढावी. पडद्याचे आणि चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे. मग दुसऱ्या, निरोगी संगणकावरून 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर जावे. युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ते जुलै २०१६ मध्ये सुरू केले. चिठ्ठी आणि दोन कुलूपबंद फाइली दिल्या की प्रकार कोणता व उतारा आहे का, हे तिथे कळते. फाइली निवडताना खासगी कागद टाळावेत.

यानंतरच साफसफाई, तीही कुलूपबंद फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतल्यावर. निरोगी संगणकावर तयार केलेल्या अँटिव्हायरस पेनड्राइव्हने संगणक सुरू करून तपासावा. माझे मत विचाराल तर शेवटी विंडोज नव्यानेच बसवावे. 'स्टॉप' जागा राहिला तर सोडवलेल्या फाइली पुन्हा कुलूपबंद करतो, शिवाय त्याच्याबरोबर पासवर्ड चोरणारे साथीदार आलेले असतात. तेव्हा बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलणे ओघानेच आले. तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर करता येते. परदेशस्थ वाचकांनी तेथील पोलिसांकडे जावे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच सर्व्हर असेच कुलूपबंद झाले आणि कित्येक दिवस नोंदणी हाताने चालली. विदा परत मिळाली ती झळ न पोहोचलेल्या एका राखीव सर्व्हरवरून. तलाठ्याच्या दप्तरापासून तालुक्याच्या अभिलेखकक्षापर्यंत प्रती वेगवेगळ्या जागी ठेवण्याची आपली जुनी रीत याहून निराळी नाही. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क मात्र अशी प्रत नव्हे, तीही सोबतच कुलूपबंद होते.

राखीव प्रत नसेल आणि उताराही निघाला नसेल, तर त्या फाइली चिठ्ठीसह एका डिस्कवर घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवाव्यात. 'क्रिप्टोलॉकर' सप्टेंबर २०१३ मध्ये आले आणि त्याच्या किल्ल्या तपासयंत्रणांच्या कारवाईनंतर ऑगस्ट २०१४ मध्ये लोकांना मोफत मिळाल्या. 'टेस्लाक्रिप्ट'ची मुख्य किल्ली तर मे २०१६ मध्ये, एका सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञाने सहज मागितली असता, तिच्या कर्त्यांनीच जाहीर करून टाकली. ज्यांनी कुलूपबंद फाइली जपून ठेवल्या होत्या, त्यांची छायाचित्रे त्या आठवड्यात परत उघडली.