कॅम आणि स्प्रिंग

बडोदे संस्थानात १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, मियागाम ते डभोई असा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग तयार झाला. त्यावरचे डबे बैल ओढीत. एंजिने जुंपावीत तर रूळ वारी अवघे १३ पौंड वजनाचे. तो भार त्यांना पेलणारा नव्हता. १८७३ साली भक्कम रूळ घातले, तेव्हा कोठे वाफेची एंजिने तेथे नियमितपणे धावू लागली. मोटारीच्या एंजिनातही हाच पेच आहे. फक्त तेथे भार सोसायचा असतो बोटभर उंचीच्या स्प्रिंगेने.

झडप उघडतो तो कॅम. मिटवते ती स्प्रिंग. प्रारंभीच्या कित्येक एंजिनांत वायू आत घेणारी झडप पिस्टनच्या शोषणानेच उघडे, आणि तिची स्प्रिंग अगदी हलकी असे. पुढे ही झडपही कॅमच्या ताब्यात गेली व वेग वाढत चालला. मिनिटाला ४००० फेरे घेणाऱ्या एंजिनात प्रत्येक झडप सेकंदाला सुमारे ३३ वेळा उघडते आणि मिटते. वेग दुप्पट झाला की तिला कॅमवर टेकवून ठेवण्यास चौपट बळ लागते. म्हणून अधिक उचलीचा नवा कॅम घालून जुनीच स्प्रिंग ठेवली, तर भरवेगात झडप कॅमला सोडून तरंगू लागते. कित्येक एंजिनांत वर येणारा पिस्टन तिला गाठतो, आणि मग सारेच आटोपते. वाजवीपेक्षा ताठ स्प्रिंग घातली तर कॅमचे टोकच झिजते. हा दुसरा दोष मला अधिक घातकी वाटतो. तो गाजावाजा करीत नाही.

जाणता मिस्त्री आधी नव्या कॅमची उचल मोजतो. झडप पूर्ण उघडली असता स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांस भिडता कामा नयेत. तेथे थोडी फट राहावीच लागते. मिटल्या झडपेवरील स्प्रिंगेची उंची तो पातळ चकत्या घालून बेतास आणतो. स्प्रिंगेला स्वतःचेही कंपन असते. ते आवरण्यासाठी पुष्कळदा एकीच्या पोटात दुसरी बसवितात.

१९५४ साली मर्सिडीज कंपनीने शर्यतीच्या मोटारीत ही स्प्रिंगच काढून टाकली. झडप उघडण्यास एक कॅम, मिटविण्यास दुसरा! त्याच बनावटीच्या मोटारीवर फान्जिओने १९५५ चे जागतिक विजेतेपद मिळविले. पण ती बनावट खर्चाची आणि नाजूक. रस्त्यावरच्या मोटारी बहुतांशी स्प्रिंगेवरच राहिल्या.