आहारतज्ज्ञांचे पर्यवेक्षित प्रशिक्षण

नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्यासाठी अनुभवी व्यावसायिकाच्या देखरेखीखाली करावयाचे प्रात्यक्षिक काम. अमेरिकेत १९१७ साली क्लीव्हलँड येथे आहारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. १९६९ मध्ये व्यावसायिक नोंदणी सुरू झाली. तेथे आज किमान १,००० तासांचे असे प्रशिक्षण अनिवार्य असून, त्यानंतरच नोंदणी परीक्षेला बसता येते. १ जानेवारी २०२४ पासून नव्या परीक्षार्थींना पदव्युत्तर पदवीही आवश्यक आहे.

प्रशिक्षणाचे क्षेत्र रुग्णालय, सामूहिक स्वयंपाकघर आणि लोकवस्तीतील पोषणकार्य असे तिहेरी असते. रुग्णाच्या पोषणस्थितीची पाहणी, पोषणनिदान, आहारयोजना आणि पाठपुरावा या चार पायऱ्या प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष रुग्णासोबत शिकतो. उदा., मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम वाढले असल्यास बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडावा आणि ते पाणी टाकून द्यावे, हे तो घरच्यांना समजावतो. ताटात उरलेले अन्न पाहून रुग्णाने खरोखर किती खाल्ले याची नोंद करतो. नळीवाटे द्यायच्या आहाराचे त्याने केलेले गणित मार्गदर्शक तपासतो.

भारतात इंडियन डायटेटिक असोसिएशन नोंदणी परीक्षा घेते. त्यासाठी रुग्णालयातील प्रशिक्षण महत्त्वाचे मानले जाते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यात आहारतज्ज्ञांचा समावेश झाला आहे. आहाराचा सल्ला रुग्णाच्या परिस्थितीला, चवीला व ऐपतीला धरून द्यावा लागतो. ही जाण पुस्तकापेक्षा रुग्णाच्या खाटेपाशीच येते, म्हणून या प्रशिक्षणाला पर्याय नाही.