खोक्यावरचे दोन आकडे

गारखेडा परिसरातल्या पुंडलिकनगरात एखाद्या क्लासमधले किंवा दवाखान्यातले कॅमेरे, संगणक वाढले की २४ पोर्टचा स्विच आणला जातो. त्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात: स्विचिंग कपॅसिटी ५६ जीबीपीएस, फॉरवर्डिंग रेट ४१.६६ एमपीपीएस. घेणारा पोर्ट मोजतो आणि भाव विचारतो. त्या आकड्यांमागचा प्रश्न मात्र टेलिफोनइतका जुना आहे. जोडण्या कितीही असोत, एका वेळी बोलू शकतात किती जण?

मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. हाताने चालणाऱ्या बोर्डावर प्रत्येक ग्राहकाचं स्वतंत्र भोक असे, पण दोघांना जोडणाऱ्या दोऱ्या मोजक्याच. त्या संपल्या की पुढच्याने थांबायचं. परगावच्या लाइनी त्याहून कमी, म्हणून ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास ताटकळायचं. घाई असेल तर अर्जंट, फारच घाई असेल तर लाइटनिंग, आणि दरही तसेच चढते. पुढे एसटीडी आली, तरी पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं' ऐकू यायचंच.

यात निव्वळ कंजुषी नव्हती. सगळे ग्राहक एकदम फोन उचलत नाहीत. मग किती लाइनी पुरतील, याचं गणित कोपनहेगनच्या ए. के. एरलांग यांनी १९१७ मध्ये मांडलं. कोणाचाच कॉल अडणार नाही अशी रचना कमी सामग्रीत कशी करायची, हे बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये दाखवलं. 

संगणकांच्या जाळ्यात हाच पेच हबने, म्हणजे संगणक जोडणाऱ्या साध्या डब्याने, आणला: १० मेगाबिटची एकच वाट, सगळ्यांत वाटलेली. विनोद भारद्वाज यांच्या 'कल्पना' कंपनीने १९९० च्या सुमारास सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला आणि प्रत्येक पोर्टला स्वतंत्र वाट मिळाली. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी घेतली. मोठ्या स्विचमध्ये कार्डं ज्या मागच्या बोर्डात खोचतात, तो बॅकप्लेन. छोट्या स्विचमध्ये तेच काम एक चिप करते, तरी बोलताना नाव बॅकप्लेनचंच निघतं.

आता सुरुवातीच्या दोन आकड्यांचा हिशेब. पहिला या बॅकप्लेनच्या क्षमतेचा. २४ पोर्ट आणि बाहेरच्या जाळ्याकडे नेणाऱ्या ४ अपलिंक, सगळे १ गिगाबिटचे. येणं-जाणं दोन्ही धरून २८ दुणे ५६. दुसरा आकडा पॅकेटांचा, म्हणजे इथरनेटच्या भाषेत फ्रेमचा: एमपीपीएस म्हणजे सेकंदाला दशलक्ष पॅकेटं. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची, तिच्या आधीचा संकेत आणि दोन फ्रेममधलं अंतर मिळून आणखी २० बाइट. म्हणजे एका पोर्टमधून सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम. त्याला २८ ने गुणलं की ४ कोटी १६ लाखांवर जातं, तेच ४१.६६ एमपीपीएस. अशाच स्विचवर ३२ जीबीपीएस छापलेलं असेल, तर सगळे पोर्ट भरून वाहू लागल्यावर तो अडखळणार.

क्लासमध्ये किंवा दवाखान्यात मात्र ५६ गिगाबिट सहसा भरत नाहीत. खोळंबा होतो तो अपलिंकवर, जिथे २४ पोर्टांची वाहतूक १ गिगाबिटच्या एका तारेत शिरते. म्हणून जाणता तंत्रज्ञ कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर त्याच स्विचवर जोडतो. ४ मेगाबिटचे २० कॅमेरे म्हणजे ८० मेगाबिट, आणि ते सगळे आतल्या आत फिरतात.