उरणची भट्टी आणि पोटातली आग

"दोन घोट घेतले की जेवण जिरतं." नवी मुंबईत हळदीच्या मांडवात हे वाक्य मी कितीदा तरी ऐकले आहे. शेजारचे आगरी काका तर मला म्हणायचे, "तू मुसलमान, तू पीत नाहीस. तुला काय कळणार?" 'हराम आहे' एवढे सांगून त्यांना पटणार नव्हते. म्हणून मी इतिहास चाळला.

आपल्या किनाऱ्यावर ताडी-माडी जुनीच. तिच्यात मद्यार्क साधारण ४ ते ६ टक्के. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला, ताडीच्या झाडांवरचा कर वाढला, गावोगावच्या भट्ट्या बंद पडल्या. भंडारी समाजाने विरोध केला, पण सरकारला महसूल हवा होता. उरणच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये मोहाची दारू गाळली जाई आणि मुंबई, ठाणे, कुलाब्याकडे जाई. मालक बहुतेक पारशी. सरकारने ठरवलेल्या तीव्रतांपैकी एक होती '२५ अंडर प्रूफ', म्हणजे ४२.८ टक्के मद्यार्क. आजही विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या देशातल्या बाटल्यांवर हाच आकडा दिसतो. सौम्य ताडी महाग झाली आणि कष्टकऱ्याच्या हाती कडक दारू आली.

या कडक दारूचे पोटात काय होते, हे त्याआधीच एका माणसाने डोळ्यांनी पाहिले होते. १८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या मजुराला बंदुकीचा छर्रा लागला. जखम भरली, पण पोटाला भोक कायम राहिले. डॉ. विल्यम ब्यूमाँट त्यातून जठर पाहत आणि पाचकरस काढत. १८३३ च्या पुस्तकात त्यांनी नोंदवले, की काही दिवस दारू प्यायल्यावर जठराचे अस्तर लाल झाले, त्यावर व्रण उठले. सेंट मार्टिन मात्र दुखण्याची तक्रार करत नव्हता.

पुढच्या संशोधनाने आणखी उलगडा केला. बिअर, वाइन अशी आंबवलेली पेये जठरातले आम्ल वाढवतात. व्हिस्कीसारखी गाळलेली दारू ते फारसे वाढवत नाही. उलट ती अस्तर सोलते आणि अन्न जठरातून पुढे सरकायला उशीर लावते. शिवाय नुसत्या आम्लाने जेवण पचत नाही. स्वादुपिंडाचा रस लागतो, पित्त लागते, आणि वर्षानुवर्षांच्या पिण्याने स्वादुपिंडच बिघडते. म्हणजे काकांना जाणवायची ती ऊब होती, पचन नव्हे.

हे सगळे मी त्यांना सांगितले. ते हसले. "मला काही होत नाही रे," म्हणाले. पुढच्या वर्षी एका पहाटे त्यांना रक्ताची उलटी झाली. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण निघाले. ते वाचले. मी भेटायला गेलो, तेव्हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, "पण दुखलं कधीच नाही."

सेंट मार्टिनलाही दुखले नव्हते.