ललिता बाबर
ललिता शिवाजी बाबर (जन्म : २ जून १९८९) या लांब पल्ल्याच्या भारतीय धावपटू आहेत. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातले मोही हे त्यांचे गाव. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे त्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. मॅरेथॉनमध्ये नाव झालेले असताना त्या ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळल्या; निर्णय धाडसाचाच होता. २०१४च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले. मॅरेथॉन तरीही सुटली नव्हती : जानेवारी २०१५मध्ये मुंबईत त्यांनी ती २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत पूर्ण केली आणि त्याच वर्षी वुहानला स्टीपलचेसचे आशियाई अजिंक्यपदही मिळवले. रिओ ऑलिंपिकच्या (२०१६) प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून त्यांनी अंतिम फेरी गाठली. तेथे त्या दहाव्या आल्या. हा विक्रम २०२३मध्ये पारुल चौधरी यांनी मोडला.