युलालीच्या खोलीत, १८७०

साल १८७०, लंडन. मॅकमिलनने काढलेला ऑगस्टा वेबस्टर यांचा 'पोर्ट्रेट्स' हा नवा काव्यसंग्रह तुमच्या हातात आहे. 'अ कास्टअवे'चं पान उघडता आणि थेट एका बाईच्या खोलीत जाऊन बसता.

युलाली श्रीमंत पुरुषांच्या पैशावर जगते. तिच्यापुढे लहानपणची रोजनिशी आहे. रोजची बारीकसारीक कामं, शहाण्या मुलीचे बेत. ते वाचून ती हसते, मग आरशाकडे वळते. तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तरी बोलते मात्र कुणीतरी बोट रोखल्यासारखी, उत्तरं देत. बोट रोखणारा दिसत नाही, म्हणून त्याच्या जागी तुम्हीच बसता. नाट्यात्मक एकोक्तीचा डाव हाच. 'हे बरोबर, ते चूक' सांगायला कवयित्री मध्ये येत नाही. न्याय करा, पण उलटतपासणी करता येणार नाही.

आता ओळींकडे कान द्या. प्रत्येकीत पाच आघात, यमक कुठेच नाही. वाक्य ओळीच्या टोकाला थांबत नाही. पुढच्या ओळीत शिरतं आणि मध्येच अडतं. वकील, धर्मोपदेशक, डॉक्टर, पत्रकार हेही खोटं विकूनच पोट भरतात, हा मुद्दा आला की ती सुसाट सुटते. रस्त्यावरच्या बायकांपासून स्वतःला वेगळं काढताना तिचा तोरा तुम्हाला खटकतो. खटकायलाच हवा. बिचारी म्हणून कीव करून मोकळं होण्याची सोय वेबस्टर यांनी ठेवलेलीच नाही.

मग भावाचा विषय निघतो. घरात काटकसर झाली ती त्याच्या शिक्षणासाठी; तिला जेमतेम गव्हर्नेस होण्यापुरतं शिकवलं. ती नोकरीही टिकली नाही. बायकाच जास्त झाल्यात, असंही ती म्हणते. ही तिची एकटीची कल्पना नाही. १८५१च्या जनगणनेपासून 'जादा' बायकांचं करायचं काय, यावर देशभर खल चालू आहे. नवरा नाही आणि शिक्षणही नाही, तर पुढे काय, याचं उत्तर मात्र कुणाकडे नाही.

बाहेर येऊन वर्तमानपत्र चाळा. १८६४, १८६६ आणि १८६९च्या संसर्गजन्य रोग कायद्यांनी छावण्यांच्या आणि बंदरांच्या गावी पोलिसांना मुभा दिली आहे: वेश्या असल्याचा संशय आला की बाईची वैद्यकीय तपासणी करवायची. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची तपासणी नाही. असाच कायदा १८६८ साली हिंदुस्थानातही आला. जोसेफिन बटलर, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, हॅरिएट मार्टिनो यांनी वर्षाच्या आरंभीच 'डेली न्यूज'मधून जाहीर निषेध केला आहे. कायदा जिला फक्त तपासतो, तिला वेबस्टर यांनी शेकडो ओळी अखंड बोलू दिलं.

पुन्हा खोलीत या. कुणी भेटायला आलंय. एकटेपणा टळला म्हणून युलाली सुटकेचा श्वास टाकते आणि कविता संपते. निवाडा तसाच राहतो. इंग्लंडमधले ते कायदे १८८६ साली रद्द झाले. त्याआधीच, १८७९ साली, वेबस्टर लंडनच्या स्कूल बोर्डावर निवडून गेल्या होत्या. मुलींच्या शिक्षणाचा जो हिशेब युलालीने मांडला, तो आता त्यांना बैठकीच्या टेबलावर मांडता येणार होता.