हिप हाउस

हिप हाउस ही हिप हॉपमधील रॅप आणि हाउस या नृत्यसंगीताचा ठेका यांच्या मिलाफातून सिद्ध झालेली संगीतशैली होय. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागो, न्यू यॉर्क आणि लंडन या शहरांत ती आकारास आली. पॉप गीताची एक रूढ घडण तिने प्रस्थापित केली. त्याचबरोबर ध्वनिमुद्रिकेवरील आवाजाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्नही तिच्यामुळे ऐरणीवर आला.

स्वरूप

हाउस संगीताची लय सामान्यतः मिनिटाला १२० ते १३० ठोके इतकी असते आणि चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा आघात येतो. त्या काळातील हिप हॉपची लय बहुधा याहून संथ असे. त्यामुळे हिप हाउसमध्ये रॅपरला शब्दांची फेक द्रुत लयीशी जुळवून घ्यावी लागते. पुढे या शैलीच्या लोकप्रिय गीतांत कडवी रॅपची आणि ध्रुवपद मात्र गायलेले, अशी विभागणी रूढ झाली.

इतिहास

लंडनच्या बीटमास्टर्स या निर्मातासंघाने कुकी क्रू या रॅपर युवतींसह केलेले ‘रॉक दा हाउस’ हे गीत १९८७ साली प्रसिद्ध झाले. या शैलीचे आद्यत्व बीटमास्टर्सनी आपल्याकडे घेतले. शिकागोच्या टायरी कूपर आणि फास्ट एडी यांनी हा दावा अमान्य केला. १९८८ साली टायरीचे ‘टर्न अप द बेस’ आणि न्यू यॉर्कच्या जंगल ब्रदर्सचे ‘आय’ल हाउस यू’ ही गीते आली. यांपैकी दुसरे गीत टॉड टेरी याने रॉयल हाउस या नावाने केलेल्या ‘कॅन यू पार्टी’ या रचनेवर आधारलेले होते.

बेल्जियमच्या टेक्नोट्रॉनिकचे ‘पम्प अप द जॅम’ (१९८९) अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांच्या गीतक्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. १९९० साली फ्रँकफर्टच्या स्नॅप! या संघाचे ‘द पॉवर’ आणि अमेरिकेतील सी अँड सी म्युझिक फॅक्टरीचे ‘गॉना मेक यू स्वेट’ ही गीते आली. दुसऱ्या गीताने १९९१ साली अमेरिकेत अग्रस्थान मिळवले.

श्रेयाचा वाद

यांतील अनेक गीतांत कानावर पडणारा आवाज एकाचा आणि पडद्यावरील चेहरा दुसऱ्याचा होता. ‘पम्प अप द जॅम’मधील रॅप किन्शासा येथे जन्मलेल्या या किड के हिचा होता, चित्रफितीत व मुखपृष्ठावर मात्र फेली ही मॉडेल झळकली. ‘द पॉवर’च्या पहिल्या आवृत्तीत चिल रॉब जी याचा रॅप आणि जोसेलिन ब्राउन हिच्या जुन्या गीतातील ओळ सँपलिंगद्वारे (पूर्वमुद्रित तुकडा नव्या गीतात वापरण्याचे तंत्र) घेतली होती. पुढे टर्बो बी आणि पेनी फोर्ड यांच्या आवाजांत हे भाग पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले.

‘गॉना मेक यू स्वेट’मधील गायन मार्था वॉश हिचे होते, परंतु चित्रफितीत झेल्मा डेव्हिस ओठ हलवताना दिसते. वॉशने न्यायालयात दाद मागितली. तडजोडीनंतर सोनी कंपनीने एमटीव्ही वाहिनीला चित्रफितीवर वॉशच्या गायनाचा उल्लेख करण्याची विनंती केली. इटलीच्या ब्लॅक बॉक्स या संघाच्या गीतांतही वॉशचाच आवाज श्रेयाविना वापरला गेला होता. त्या प्रकरणातील तडजोडीतून तिला आरसीए कंपनीशी स्वतंत्र गायनाचा करार मिळाला.

प्रभाव

१९९०च्या दशकातील युरोडान्स या शैलीने रॅपचे कडवे आणि गायलेले ध्रुवपद ही घडण उचलली. २००९ साली ब्लॅक आयड पीज या संघाची ‘बूम बूम पाव’ आणि ‘आय गॉटा फीलिंग’ ही गीते एकापाठोपाठ अमेरिकी क्रमवारीत सलग २६ आठवडे अग्रस्थानी राहिली. यांतील दुसऱ्या गीताच्या निर्मितीत फ्रेंच डीजे डेव्हिड गेटा सहभागी होता. अझीलिया बँक्स हिचे ‘२१२’ (२०११) हे गीत हाउसच्या ठेक्यावर आद्यंत रॅप करण्याच्या मूळ पद्धतीच्या अधिक जवळ जाणारे आहे.